सुटलेल्या टाक्यांची टोपली

मित्रांनो, गेले तीन महिने माझ्या पोटात जो गोळा बसला होता तो आता विरघळला आहे, म्हणून म्हटले, मोकळेपणाने बोलून घ्यावे. काळजीत असताना माझ्यासारखीला बोलता येत नाही. नुसती खरखर होते आणि कुणीतरी तेलाची कुपी घेऊन धावते. आज खरखर नाही. आज ऐका.

मी मोज्यांची तोंडे शिवणारी एक जुनी मशीन आहे. मोजे विणणारी नव्हे बरे का! ती खालच्या मजल्यावर असते, उंच, धिप्पाड, दिवसभर गलका करणारी. ती मोजा विणून देते तो नळीसारखा, पुढून उघडा. तसाच पायात घातलात तर पाचही बोटे बाहेर येऊन गंमत बघत बसतील. ते उघडे तोंड बंद करायचे काम माझे.

माझ्या माथ्यावर पितळेची एक गोल थाळी आहे. थाळीच्या कडेने सूर्याच्या किरणांसारखे बारीक काटे आहेत, दोनशेच्या वर. मोज्याच्या तोंडाशी विणीचे जे टाके असतात, त्यातला एकेक टाका एकेका काट्यावर बोटांनी चढवायचा. वरचा आणि खालचा, दोघांना एका काट्यावर आणायचे. मग थाळी हळूहळू फिरते, सुई पुढे येते आणि दोघांना दोऱ्याने बांधून टाकते. नीट शिवलेले तोंड आतून चाचपले तरी हाताला लागत नाही. पण एक टाका जरी चढवायचा राहिला तर तो सुटतो, त्याच्या मागोमाग शेजारचा सुटतो, आणि आठवडाभरात अंगठा मोज्यातून डोकावतो.

माझे पाय ओतीव लोखंडाचे. ते कुठल्या कारखान्यात, कुणी ओतले, मला आठवत नाही. जन्माचे कुणाला आठवते? पण थाळी बसवणारा कारागीर आठवतो. चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिथे सुतळी बांधलेली. एकेक काटा बसवला की तो नखाने त्याला हलकेच टिचकी मारी आणि कान लावून ऐके. काटा बारीक वाजला की म्हणे, "बोलला." नाही वाजला तर उपटून दुसरा बसवी. माझे सगळे काटे बोलके आहेत ते त्याच्यामुळे.

मोज्यांच्या कारखान्यात आम्ही आठ जणी एकदम आलो. वरच्या मजल्यावर लांबट खोली, एका बाजूला ओळीने खिडक्या, दोन रांगांत आम्ही, प्रत्येकीपुढे एक स्टूल आणि स्टुलावर एक बाई. थोरले मालक तेव्हा होते. ते रोज एक फेरी मारत, कुठलाही एक मोजा उचलत, उलटा करत आणि शिवण आपल्या गालावर घासून बघत. "गालाला टोचली नाही, म्हणजे पायाला टोचणार नाही," म्हणत आणि पुढे जात. त्या दिवशी ज्या बाईचा मोजा असेल ती संध्याकाळपर्यंत गात राही.

हो, गाणे असायचे. माझी थाळी फिरते तिचा एक ठेका आहे, त्या ठेक्यावर बायका ओळी रचायच्या. एकीने अर्धी टाकावी, दुसरीने पुरी करावी.

टाक्याला गं टाका भेटे, काट्याला गं काटा
मऊ होवोत परक्याच्याही पायाखाली वाटा

ही ओळ मावशीची.

मावशी कुणाची मावशी होती म्हणाल तर साऱ्या खोलीची. वीस वर्षांची असताना ती आली तेव्हाच तिला हे नाव पडले, कारण पहिल्याच दिवशी तिने शेजारणीच्या रडणाऱ्या पोरीला आपल्या पदराखाली झोपवून एका हाताने काम केले. मी तिच्या वाट्याला आले ती योगायोगाने. माझी थाळी तेव्हा जरा अडून बसायची, म्हणून कुणी मला घेत नव्हते. ती माझ्यापुढे बसली, थाळीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "तूही नवी, मीही नवी. घाई करू नकोस, मीही करत नाही." आमचे जमले ते असे. तिला आता या खोलीत सव्वीस वर्षे झाली.

आता टोपलीबद्दल सांगते, कारण पुढचे सगळे टोपलीवर अवलंबून आहे.

काही वर्षांपूर्वी खोलीत एक नवी बाई आली. तिचे हात इतके भराभर चालत, आणि तोंडही, की सगळ्यांनी तिचे नाव तुरतुरी ठेवले. भराभर हात चालले की टाके सुटतात. तुरतुरीला बिघडलेले मोजे दाखवायची भीती वाटे. एक दिवस जेवायच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. मावशीने झाकण काढले, तर आत सात मोजे.

"अगं, हे जेवणार होतीस?" मावशी म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मीठ तरी आणलंस का?"

मग तिने ते सातही मोजे घेतले. आकडीच्या सुईने एकेक पळालेला टाका पकडून वर आणला, काट्यांवर चढवला, पुन्हा शिवला आणि तुरतुरीच्या गठ्ठ्यात परत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मावशीच्या स्टुलाखाली एक वेताची टोपली आली. तेव्हापासून ज्या बाईचा मोजा बिघडेल ती येता-जाता टोपलीत टाकी. बोलायचे काहीच नसे. दुपारनंतर मावशी टोपली उपसायला घेई, आणि दुरुस्त झालेला मोजा ज्या बाईचा असेल तिच्या गठ्ठ्यात परत जाई.

प्रत्येकीचा गठ्ठा ओळखायचा कसा? दोऱ्याने. बारा जोड्या झाल्या की बाई आपापल्या रंगाचा दोरा बांधी. टोपलीत टाकायच्या मोज्यालाही त्याच दोऱ्याचा तुकडा. तुरतुरीचा लाल, मावशीचा हिरवा. संध्याकाळी मुकादम येई, रंग बघून गठ्ठे मोजी आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूने आकडे मांडी. हा फळा कशासाठी होता, तर उद्या किती खोकी आणायची हे कळावे म्हणून. बाकी कशासाठीही नाही. म्हणून हिरव्या दोऱ्याचा आकडा सगळ्यांत लहान असला तरी कुणाच्या मनाला ते लागत नसे. मावशीच्या तर नाहीच नाही.

थोरले मालक गेले. त्यांची मुलगी कारभार बघू लागली. तिला सगळे ताई म्हणतात. त्या गालावर मोजा घासत नाहीत, पण जिना चढून रोज वर येतात आणि नावाने हाक मारतात.

आणि मग तीन महिन्यांपूर्वी खालच्या मजल्यावर चार नव्या मशिनी आल्या. त्या मोजा विणतात आणि तोंडही स्वतःच शिवतात. मोजा बाहेर पडतो तो पूर्ण! पहिल्या दिवशी मुकादम असा एक मोजा घेऊन वर आला आणि कौतुकाने सगळ्यांना दाखवत फिरला. खोलीतल्या आठही बायकांनी तो हातात घेतला, उलटा केला, परत दिला. त्या दिवशी गाणे झाले नाही.

मित्रांनो, भीती कशी असते ते मी तेव्हा बघितले. पलीकडच्या रस्त्यावर पिशव्या शिवायचा एक कारखाना होता. तिथे एका सकाळी लोक कामावर आले तर फाटकाला कुलूप आणि कुलपाखाली एक कागद चिकटवलेला. कागदावर नावे. कुणाचा डबा आत, कुणाची छत्री आत, कुणाचे दहा वर्षांचे स्टूल आत. विचारायला गेले तर शिपाई म्हणाला, "मला काही माहीत नाही, मला फक्त डिंक दिला होता." हे वाक्य आमच्या खोलीत सगळ्यांना पाठ होते. आता रोज सकाळी प्रत्येक बाई जिना चढण्याआधी फाटकाकडे बघून घेई.

ताईंनी फाटकाला कागद लावला नाही. त्या वर आल्या, एक रिकामे खोके उपडे करून त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी काम थांबवा. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे."

थाळ्या थांबल्या.

"नव्या मशिनी आल्यावर हाताने टाके चढवून शिवायचं काम कमी होणार. ज्यांची कातडी नाजूक आहे, ज्यांच्या पायाला जखमा आहेत, त्यांना हातशिवणीचाच मोजा लागतो. तेवढं काम राहील. त्याला तीन जणी पुरतील. म्हणजे पाच जागा जास्त होतात. जागा म्हणतेय मी, माणसं नाही म्हणत. अजून काही ठरलेलं नाही. नवी भरती मी आजपासून बंद केलीय. कुणाला दुसरीकडे सामावता येईल का, ते बघतेय. तुम्हाला काही सुचलं तर सांगा. महिनाभर वेळ आहे."

खोलीतल्या सगळ्यांत वयस्कर बाईला थोरली म्हणत. तिने विचारले, "आणि महिन्यानंतर?"

"महिन्यानंतर एकेकीशी बोलेन. येताना सोबत कुणालाही आणा. कशावरून ठरवलं ते दाखवेन, आणि चुकीचं वाटलं तर भांडायची मुभा आहे."

"भांडायला मुभा लागते होय?" तुरतुरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. हसणे कोरडे होते, पण हसणे होते.

इथवर ताईंचे काही चुकले नाही. चूक झाली ती पुढे. कशावरून ठरवायचे, हा प्रश्न आला तेव्हा मुकादम म्हणाला, "ताई, फळा आहे की! सहा महिन्यांचे आकडे माझ्या वहीत उतरवलेत. फळा कुणाचा मामा नाही की काका नाही. त्याच्याइतकं सरळ काहीच नाही."

ताईंना ते पटले. कुणालाही पटले असते. आकडा स्वच्छ दिसतो.

यादी झाली. लाल दोरा सगळ्यांत वर. हिरवा सगळ्यांत खाली.

खाली उरलेल्या नव्या मशिनी बसवण्याची ठोकाठोक चालली होती, म्हणून बोलणी आमच्याच खोलीत झाली, जेवायच्या सुट्टीत, खिडकीजवळच्या टेबलाशी. मावशी थोरलीला सोबत घेऊन बसली. मी हाताच्या अंतरावर होते. ताईंनी कागद पुढे सरकवला.

"मावशी, हे सहा महिन्यांचे आकडे. तुमचे गठ्ठे सगळ्यांत कमी दिसतात. मला आश्चर्यच वाटलं. याबद्दल काही सांगायचं आहे?"

थोरलीने टेबलाखालून मावशीला कोपराने ढोसले. मावशीने तिला चिमटा काढला. थोरली "आई गं!" म्हणाली.

"काय झालं?" ताईंनी विचारले.

"डास," मावशी म्हणाली. मग कागदाकडे न बघताच बोलली, "फळ्यावर आहे ते बरोबरच असेल, ताई."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर! दोनशे बोलके काटे असून मी मुकी. इतक्या वर्षांत हिने किती हजार मोजे मरता मरता वाचवले ते माझ्या थाळीला ठाऊक. त्यातल्या एकालाही हिरवा दोरा नव्हता.

ताईंनी कागद परत घेतला. "तीन दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "विचार करा. माझ्या नजरेतून काही निसटलं असेल तर सांगा."

त्या गेल्यावर थोरली फुटलीच. "तोंड शिवलंय का तुझं? टोपलीचं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर काय होईल? जिचे मोजे टोपलीत जास्त, तिचा आकडा उतरेल. तुरतुरीची पोरं लहान आहेत."

"आणि तुझे आबा?"

आबा म्हणजे मावशीचे वडील. कधीकाळी याच कारखान्यात सूत रंगवायचे. आता दोन्ही डोळे गेलेले. घर मागच्या दोन गल्ल्या सोडून. रोज दुपारी मावशी घरी जाते, आबांना जेवू घालते, त्यांच्याशी दोन शब्द बोलते आणि परत येते. हे काम गेले तर जवळपास दुसरे काम नाही. लांबचे धरले तर आबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुलपाआड. मावशीची नोकरी म्हणजे तिच्या वडिलांची दुपार होती.

"आबांना मी आहे," मावशी म्हणाली.

"आणि तुला कोण आहे?" थोरलीने विचारले. मावशीने माझ्या थाळीवरची धूळ पुसायला घेतली. धूळ नव्हती.

हे बोलणे तुरतुरीने ऐकले. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर डबा घेऊन बसली होती. हातातला घास डब्यात परत गेला, हे मी बघितले.

त्या दिवशी तुरतुरीचा हात पहिल्यांदा मंद चालला. दुपारी तिचा एक मोजा बिघडला. तो घेऊन ती टोपलीपाशी आली, वाकली, आणि तशीच परत गेली. आपल्या जागेवर बसून स्वतःच आकडी घेऊन टाका पकडायला लागली. एक पकडला तर दोन पळाले. दोन पकडले तर पाच. मावशीने मान वर न करता हात लांब केला.

"आण इकडे. जीव घेशील त्याचा."

तुरतुरीने मोजा दिला. "मावशी, तू भांड ना गं माझ्याशी. एकदा तरी भांड."

"कामाच्या वेळी नाही," मावशी म्हणाली आणि मोजा दुरुस्त करून त्याला लाल दोऱ्याखाली सरकवले.

मित्रांनो, तुरतुरीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. गप्प बसले तर तिचे काम पक्के, यादीत सगळ्यांत वर. बोलले तर काय होईल ते कुणालाच माहीत नाही. घरी दोन लहान मुले. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. खोलीला इतकी शांतता सोसवत नव्हती. तिसऱ्या दिवशी ताई जिना चढून आल्या, मुकादम मागोमाग होता. तुरतुरी स्टुलावरून उठली.

"ताई, फळा खोटं बोलतो."

मुकादम दुखावला. "फळा कसा खोटं बोलेल, बाई? खडू माझ्या हातात असतो."

"म्हणून तर!"

एकदोघी फिसकन हसल्या. तुरतुरी हसली नाही. तिने मावशीच्या स्टुलाखालची टोपली ओढली आणि टेबलावर उपडी केली. लाल, पिवळ्या, निळ्या, जांभळ्या दोऱ्यांच्या बायकांचे टाके पळालेले मोजे टेबलभर पसरले. "हे आमचे. माझे सगळ्यांत जास्त. संध्याकाळपर्यंत हे सगळे मावशीच्या हातून नीट होतात आणि आमच्या आकड्यात जातात. तिच्या आकड्यात एकही जात नाही. कधीच गेला नाही."

"बस खाली," मावशी पुटपुटली.

"नाही बसत! दोन दिवस गिळतेय हे, घशाखाली उतरत नाही."

ताईंनी विचारले, "हे सांगितल्यावर तुझं नाव खाली जाऊ शकतं, कळतंय ना तुला?"

"कळतंय." तिचा आवाज बारीक झाला. "जास्त खाली नका पाठवू, एवढंच."

ताई मावशीकडे वळल्या. "खरं आहे हे?"

उत्तर मुकादमानेच दिले. त्याने टोपी काढली, परत घातली. "टोपली रोज बघायचो मी. मला वाटायचं, बाईची हौस आहे."

ताईंनी टेबलावरचा एक मोजा उचलून पळालेला टाका बोटाने चाचपला. मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. खोकी किती आणायची ते सांगणाऱ्या फळ्यावर मी माणसं तोलली." आणि पुढे, "एक आठवडा टोपली बंद. जिचा मोजा तिने बघायचा."

"ताई, मोजे वाया जातील," मावशी कळवळली. इतका वेळ स्वतःसाठी न बोललेली बाई मोज्यांसाठी बोलली!

"जाऊ देत थोडे. मला बघायचंय."

तो आठवडा मजेचा होता आणि हालांचाही. जिकडे तिकडे बायका आकडीची सुई घेऊन स्वतःशी चडफडत होत्या. मावशी हात मांडीवर ठेवून बसे, आणि कुणाचा टाका पळाला की तिचे बोट आपोआप हले. आठवड्याच्या शेवटी फळ्यावर हिरवा दोरा पहिला होता. लाल चौथा. मुकादमाने आकडे लिहिले, दोन पावले मागे जाऊन बघितले, आणि ती जुनी यादी खिशातून काढून फाडली.

खरी सुटका मात्र आकड्याने झाली नाही, बोलण्याने झाली. ताईंनी पुन्हा खोके उपडे केले आणि म्हणाल्या, "आता नव्याने बघू. कोण किती करतं एवढंच नको. कोण काय काय करतं, कुणाला काय जमेल, कुणाला काय हवं, सगळं टेबलावर येऊ दे."

आणि काय काय आले! थोरली म्हणाली, "माझे गुडघे या जिन्याला दोन वर्षांपासून शिव्या देतायत. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून मी बोलले नाही. मी सन्मानाने जाते, मला वाजतगाजत सोडा." एक जागा तिथेच सुटली, आणि सुटताना कुणी रडले नाही. खोकी भरणाऱ्या विभागात एक जण कमी होता, तिथे एक बाई आनंदाने गेली. खाली नव्या मशिनींवर बसायला माणूस हवे होते. तिथे बाहेरून कुणी आणायच्या आधी आपल्यातले कुणी शिकेल का, असे ताईंनी विचारले, तेव्हा सगळ्यांनी तुरतुरीकडे बघितले. मशीनच्या वेगाला पुरून उरेल असे एकच माणूस आमच्याकडे होते! तिला महिनाभर शिकवणी मिळाली. आता ती खालून ओरडते ते वर ऐकू येते.

आणि मग कळले की नव्या मशिनींचेही टाके सुटतात. दिवसाला चांगली मोठी पाटी भरून. मुकादम ती पाटी घेऊन वर आला, खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "हे कोण बघणार?" त्याने प्रश्न सगळ्यांना विचारला, पण बघत होता एकीकडेच. अशी मावशीला दुरुस्तीच्या टेबलाची जागा मिळाली. जे काम ती वर्षानुवर्षे करतच होती, ते पहिल्यांदा तिचे काम म्हणून मांडले गेले.

तीन जणी हातशिवणीला राहिल्या. किती झाल्या, मोजलेत ना? सात. आठवी लांबडी. उंच म्हणून लांबडी. तिच्यासाठी खूप शोधाशोध झाली, तरी जागा निघाली नाही. मी तुमच्यापासून लपवणार नाही. कितीही भल्या मनाने केले तरी कधी कधी एखादी जागा निघत नाही. ताईंनी ते तिला समोर बसवून सांगितले, कागदावर नाही. तीन महिने आधी सांगितले, आठवड्यातला अर्धा दिवस दुसरे काम शोधायला मोकळा दिला, आणि स्वतःच्या हाताने पत्र लिहिले: ही बाई अमुक शिवते, इतके बारीक शिवते, सुट्टी न सांगता घेत नाही. इथे हातशिवणीचे काम वाढले तर पहिली हाक तुलाच, असेही सांगितले. लांबडी त्या दिवशी माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून रडली. पण महिन्याभरातच तिला पडदे शिवणाऱ्या दुकानात काम लागले, आणि परवा ती भेटायला आली ती ऐटीत. "तिथे जिना नाही," तिने थोरलीच्या गुडघ्यांच्या वतीने सगळ्यांना चिडवले.

राहिले मी. बायका कमी झाल्या तशा आम्ही मशिनीही जास्त झालो होतो. तिघींना काम होते. दोघी एका शिवणशाळेत गेल्या, दोघी कापडाखाली झाकून ठेवल्या. दुरुस्तीच्या टेबलाला एकच मशीन लागणार होती. ताईंनी मावशीला विचारले, "यातली कुठली ठेवू?"

"हे काय विचारणं झालं?" मावशी म्हणाली आणि माझ्यापुढचे स्टूल ओढून बसली.

त्या दुपारी घरून परतल्यावर तिने सगळ्यांना सांगितले, आबांना ही बातमी दिली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी कुलपाआड बसायची एवढी सवय करत होतो, ती फुकट गेली!" सांगताना ती हसली, मग तिने पदराने डोळे पुसले, मग पुन्हा हसली. मला वाटते, तीन महिन्यांत तिने पुरता श्वास घेतला तो तेव्हा.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातला एखादा कुणाचा तरी मालक होईल, साहेब होईल. हाताखाली माणसे येतील, आणि एखादा दिवस असा येईल की कामाला माणसे जास्त वाटू लागतील. त्या दिवशी माझी एवढी विनवणी ध्यानात ठेवा. दाराला कागद चिकटवू नका. आधी जाऊन सांगा. नाव खोडण्याआधी जागा शोधा, आणि ती शोधताना ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांनाच विचारा. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त सुचते. आकडे बघा, पण त्या आकड्यांत काय आलेले नाही तेही हुडका. काही माणसे स्वतःबद्दल बोलतच नाहीत. त्यांचे काम दुसऱ्यांच्या गठ्ठ्यात जाऊन बसलेले असते. आणि तुमच्यातला कुणी तुरतुरीसारखा यादीत वर असेल, तर त्याने उठून बोलावे. तिला बोलताना भीती वाटत होती, हे मी जवळून बघितले आहे. तरी ती बोलली. म्हणून आज आम्ही दोघी इथे आहोत.

खालून जिन्यात तुरतुरीचा आवाज येतो आहे. "मावशी, पाटी आलीय! आज माझ्या मशीनने फार उद्योग केलेत!"

"मशीनने की तू?" मावशी वरून ओरडते आहे.

बरे, मित्रांनो, आता येते. भरपूर काम आहे.